मागच्या खोलीतली कवडी

"दोन रेघा आल्या, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ती पांढरी पट्टी त्यांनी माझ्यासमोर धरली.

मला त्या रेघांमधलं काही कळलं नाही. मी टोपलीवर हात ठेवून उभी होते. टोपलीला जुनं लुगडं बांधलेलं आणि आत कवडी. भंडाऱ्याहून नागपूर येईपर्यंत ती एकदाही ओरडली नव्हती. धडधाकट मांजर टोपलीत इतकं गप्प बसत नाही.

"एकच रेघ आली असती तं बरं होतं का?" माझ्या मुलानं, दिगांबरनं विचारलं.

"हो. दोन म्हणजे हिच्या रक्तात विषाणू आहे. रक्ताचा कॅन्सर म्हणतात ना, तसलं काहीतरी पुढे होऊ शकतं. अंगातली ताकदच कमी होत जाते. साधा ताप आला, तोंडात फोड आला, तरी लवकर बरा होत नाही."

दिगांबर टेबलापासून मागे सरकला. "घरी तान्ही पोरगी हाये आमची."

"माणसाला होत नाही हा. कुत्र्यालासुद्धा नाही. मांजराचा मांजराला. एकमेकांना चाटण्यातून, एका ताटात खाण्यातून, भांडणात चावण्यातून. घरी आणखी मांजरं आहेत?"

"दोन हायेत," मी म्हटलं.

"त्यांनाही आणा तपासायला. तोवर हिला वेगळी ठेवा. वेगळी खोली, वेगळं ताट. बाहेर अजिबात सोडायची नाही. पण आजी, वेगळी म्हणजे एकटी नाही हं. जवळ माणूस लागतं या जनावराला."

"किती दिवस?"

माझ्या विचारण्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला. "काही मांजरं महिन्यांत जातात, काही वर्षं काढतात. मी खोटं सांगणार नाही."

त्यांनी औषधाच्या तीन बाटल्या दिल्या. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. मी पिशवीतली लोकर काढून तिन्ही बाटल्यांच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले, आणि सकाळचं कोणतं, संध्याकाळचं कोणतं ते दोनदा म्हणून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. एक दोरा चुकला होता तो बदलायला लावला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील.

येताना एस.टी.त दिगांबर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग हळूच म्हणाला, "माय, मोठीमायले काय सांगशील?"

"जे हाये ते."

"सांगू नोको. बुधवारी पोत्यात घालतो न नदीपार सोडून येतो. पाणी ओलांडलं का मांजर वापस येत नाही."

"बिमार जनावर रे ते."

"मारतो थोडीच? मारलं तं काशीले सोन्याचं मांजर द्या लागते."

"आपण कासार. पितळेचं चालते का इचारून पाह्य."

तो हसला, पण पोत्याचा विचार त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. ते मला त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

आमच्या घरात मांजरं लाडासाठी नव्हती. सासऱ्यांच्या काळात भट्टीला चामड्याचा भाता होता आणि उंदीर तो कुरतडायचे. भाता बिघडला की घण बंद, म्हणून मांजर पाळलं. पुढे विजेचा पंखा आला, भाता मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गेला, पण भट्टीसाठी भुशाची पोती तिथेच राहिली, उंदीर राहिले आणि मांजरंही राहिली. म्हातारी कोंडी, तिचा एक बोका आणि तिचीच ही धाकटी कवडी. कोंडी आणि बोका घरभर फिरत. कवडी मात्र मागच्या खोलीची. ती सायत्राबाईंची होती.

सायत्राबाई माझ्या मोठ्या जाऊ, दिगांबरची मोठीमाय. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्या. त्यांना महारोग झाला होता आणि त्या आश्रमात होत्या. दिगांबर चालायला लागला त्या सुमारास त्या परत आल्या. औषध घेऊन पूर्ण बऱ्या होऊन आल्या होत्या. तसं तिथल्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. बोटं तेवढी आखडलेली राहिली, आणि हातापायांतली जाण गेली ती गेली. हातावर चहा सांडला तरी त्यांना दिसल्यावर कळायचं.

सासूबाईंनी त्यांना मागची खोली दिली आणि जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक ताट दिलं. घरात पितळेची ताटं फळीवर छतापर्यंत रचलेली, बाजारात जायला निघालेली वेगळीच, आणि त्यात ते एक पांढुरकं जर्मनचं ताट. मी वाढायला जायची ती उंबऱ्याबाहेरून, वरून सोडायची. सासूबाई तसंच करायच्या, म्हणून मीही तसंच. पुढे सासू-सासरे गेले, मोठे दीर गेले, आमचे हे गेले. करा म्हणणारं कोणी राहिलं नाही. नका करू असंही कोणी म्हटलं नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा माझी सून वर्षा अंगणात पोरीला तेल लावत होती. सायत्राबाई त्यांच्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. टोपली दिसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मी सगळं सांगितलं. दिगांबर मला डोळ्यांनी नको-नको करत होता, तरी सांगितलं.

"अगं बाई, कॅन्सर?" वर्षानं पोरीला छातीशी धरलं. "आई, ही घरभर रांगते. मांजरानं तोंड लावलेलं काही हिच्या हाताला लागलं तर?"

"माणसाले होत नाही म्हणे."

"म्हणे."

"डॉक्टरीणबाईनं टोपलीत हात घालून तिचं तोंड उघडलं व. नुसत्या हातानं."

खरं तर वर्षाचं चुकत नव्हतं. पोर तिचं होतं.

"तिले ताट बी येगळं लागन," मी म्हटलं.

सायत्राबाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागायचा, पाऊल नीट टेकायचं नाही. आतून त्यांनी आपलं जर्मनचं ताट आणलं आणि उंबऱ्याच्या आत कवडीपुढे ठेवलं.

"हे घ्या. याले दुसरं कोणी हात लावतच नाही."

"मोठ्या आई, मग तुम्ही कशात जेवणार?" वर्षानं विचारलं. तिला लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. तिनं ते साधेपणानं विचारलं.

"तुम्ही कासाराचे लोक," सायत्राबाई म्हणाल्या. "पाहा बाप्पा, एखादं असन तं."

त्या संध्याकाळी मी फळीवरून पितळेचं ताट काढलं आणि भात वाढून नेलं. त्या जेवल्या, ताट स्वतः घासलं आणि विहिरीपाशी वेगळं उभं करून ठेवलं. सकाळी वर्षानं ते उचलून बाकीच्या ताटांत रचून टाकलं. मी पाहिलं. सायत्राबाईंनीही दारातून पाहिलं.

बुधवारी दिगांबर पोतं घेऊन मागच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले. कवडी त्यांच्या मांडीवर होती.

"मोठीमाय, दे तिले."

"कुठं नेतं?"

"नदीपार. तिकडं मच्छीबाजार हाये. उपाशी नाही मरणार."

"न तिकडचे मांजरं?"

"त्याइचं काय?"

"त्याइले रोग लागन ना बाप्पा. तुले डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं? बाहेर सोडाची नाही. मले तं तुझ्या मायनं असंच सांगतलं."

दिगांबर पोतं हातात घेऊन उभाच राहिला. "मंग काय घरात ठेवाची?"

"घरात कोण म्हणते? मी कुठं घरात हाये?"

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्या कवडीच्या कानातली घाण लुगड्याच्या पदरानं पुसत बोलल्या होत्या. दिगांबरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"पोतं ठेवून जाय," त्या म्हणाल्या. "थंडीत अंथराले होते."

कोंडी आणि बोका दोघंही नागपूरला जाऊन आले. दोघांचीही एकेकच रेघ आली. दिगांबरनं मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी ठोकली आणि दाराला खालून पत्र्याची पट्टी मारली, म्हणजे बोक्याचा पंजासुद्धा आत जाऊ नये. वर्षानं पोरीला त्या बाजूला न्यायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. आणि मी दिवसातून तीनदा त्या खोलीत जाऊ लागले.

कारण ते एकीचं काम नव्हतं. मांजराला औषध पाजायचं तर एकीनं फडक्यात गुंडाळून धरावं लागतं आणि दुसरीनं गालाच्या फटीतून पिचकारी सोडावी लागते. सायत्राबाईंची बोटं मिटत नसत, पण त्या दोन्ही मनगटांत कवडीला अशी धरायच्या की ती हलायची नाही. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यावर बसून पिचकारी मारली आणि औषध सगळं सायत्राबाईंच्या चोळीवर गेलं.

"तिथून नेम धरतं का?" त्या म्हणाल्या. "आत ये. मी काही चावत नाही. ही चावते."

मी आत गेले.

नदीची बारीक मासळी उकडायची, काटा न काटा काढायचा, पाणी घालून पातळ करायची. काटे काढायचं माझ्याकडे, कारण त्यांच्या बोटांना ते जाणवत नसत. ताट उकळत्या पाण्यानं धुवायचं तेही माझ्याकडे, कारण त्यांचा हात भाजला असता आणि त्यांना कळलं नसतं. ताप पाहायचं कामही मी माझ्याकडेच घेतलं होतं. एकदा मी जरा उशिरा गेले तर त्या म्हणाल्या, "आज गरम हाये."

"तुमच्या हाताले कसं समजलं?"

त्यांनी कवडीला उचललं आणि तिचं पोट आपल्या गालाला लावून दाखवलं. "गालाले समजते."

अशी दसरा-दिवाळी गेली. मधे कवडी इतकी सुधारली की भुशाच्या पोत्यावर उडी मारायची. सायत्राबाई मला म्हणायच्या, "तुझी डॉक्टरीण चुकली वाटते." मी म्हणायची, "चुकू द्या." आम्ही दोघी एरवी फार बोलत नसू. मांजर मध्ये असलं की बोलायला सोपं जात होतं.

पौषात थंडी वाढली आणि कवडीनं खाणं सोडलं. मी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्या फटक झाल्या होत्या. दिगांबरनं फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, घेऊन या, थोडे दिवस इथेच ठेवू, सलाईन लावू.

"नोको," सायत्राबाई म्हणाल्या.

"काहून?"

"नोको म्हणजे नोको. इथंच काय ते करा."

"सलाईन मी लावू का तिले? बाई, मरून जाईन ते."

"एका दिवसात वापस आणतं का?"

"ते डॉक्टर ठरवन."

त्यांनी कवडीला पोटाशी धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला जरा राग आला. एवढा जीव लावलेला, आणि जगवायची वेळ आली तर सोडवत नाही. मी तसं म्हणालेही. "तुमाले ती जवळ पायजे का जिती पायजे?"

शेवटी त्या वळल्या. टोपलीचं झाकण त्यांनीच उघडलं. "ने," म्हणाल्या.

दिगांबर तिला नागपूरला सोडून आला. त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. ऊन जाळीतून आत आलं होतं. सायत्राबाई उठून बसल्या होत्या आणि मनगटानं केस मागे सारत होत्या. चटईवर पायाच्या बाजूला रक्त होतं. वाळलेलं, आणि थोडं ओलंही.

"काय पाह्यतं?" त्यांनी विचारलं.

मी चहा खाली ठेवला आणि त्यांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. डाव्या पायाची करंगळी कुरतडलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं, दुसऱ्या कोणाचा पाय पाहावा तसं.

"आला वाटते," त्या म्हणाल्या.

"कोण आला?"

"उंदीर व. दुसरं कोण येते?"

मी पाणी गरम करून आणलं, जखम धुतली, औषध लावलं, फडकं बांधलं. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. त्यांना काही दुखत नव्हतं.

"आश्रमात गेलं का पयल्या दिवशी काय भेटे माहीत हाये?" त्या आपणहून बोलू लागल्या. "एक चटई, एक कांबळ न एक मांजर. मले वाटलं, हे काय, आमाले लेकरं नाही म्हणून मांजर देतेत का? मंग बाजूच्या बाईनं हात दाखवला. दोन बोटं अर्धी. म्हणे, रोगानं नाही गेले हे, उंदरानं खाल्ले. झोपेत. आपल्याले समजतच नाही ना. म्हणून हरेक चटईवर मांजर."

"आन् इथं?"

"इथं आली तेव्हा पयली कोंडीची आजी होती. मंग तिची पोर. मंग कोंडी. कोंडी म्हातारी झाली, तं कवडी."

"मले वाटे तुमाले लळा हाये."

"लळा मागून लागते. पयले ते कामाचं."

मी फडक्याची गाठ मारत होते. ती नीट बसत नव्हती, म्हणून सोडून पुन्हा मारली.

"इतके वर्षं सांगतलं काहून नाही, बाई?"

त्या हसल्या. टोमणा नव्हता तो, खरंच हसल्या. "सांगून काय होते? कोणी येऊन झोपलं असतं का?"

चहा थंड झाला होता. मी दुसरा करून आणला.

कवडी परत येईपर्यंत आम्ही त्यांच्या हातापायांना जाड फडकी गुंडाळली. दिगांबरला मी फक्त करंगळी दाखवली. बाकी त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं त्या दिवशी भट्टी पेटवली नाही. भुशाची सगळी पोती बाहेर काढली, भिंतीची बिळं सिमेंटनं बुजवली, दोन सापळे लावले. संध्याकाळी अंगण झाडत असताना वर्षाला म्हणाला, "न मी त्या मांजराले पोत्यात घालाले निघालो होतो." वर्षानं पोरीला त्याच्या कडेवर दिलं आणि झाडू त्याच्या हातून घेतला.

कवडी आली. अंगात काही उरलं नव्हतं, पण मान वर धरत होती. टोपलीतून उतरली आणि थेट चटईवर जाऊन सायत्राबाईंच्या पायाशी बसली. त्या फडक्याचा तिनं वास घेतला. नंतर कान ताठ करून बराच वेळ कोपऱ्यातल्या भात्याकडे बघत राहिली. तिच्यात आता उंदीर धरायची ताकद नव्हती. पण मांजराचा वास असला की उंदीर विचार करतो. थंडीभर एकही आला नाही.

होळी झाली, गुढीपाडवा झाला. डॉक्टरबाईंना मी फोनवर विचारलं, "आता सुई देऊन झोपवाची का?" त्या म्हणाल्या, "खाते का? तुमच्याकडे बघते का? मग नको. दोन्ही बंद झालं की सांगा, मी स्वतः येईन." तशी वेळ आली नाही. वैशाखात एका सकाळी जाळीतून ऊन पडलं होतं त्या तुकड्यात ती आडवी झाली. आम्ही दोघी औषध द्यायला बसलो होतो. सायत्राबाईंनी तिला उचलून गालाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं.

"पाह्य व," त्या मला म्हणाल्या. "मले थंड लागून राह्यली."

मी हात लावला. "होय, बाई."

दिगांबरनं परसात सीताफळाखाली खड्डा केला. वर्षा पोरीला घेऊन आली, पहिल्यांदाच त्या बाजूला. पोर आता धरून धरून चालत होती. तिनं खड्ड्यात दोन मुठी माती टाकली आणि आणखी टाकायला मागितली.

दुपारी डॉक्टरबाईंना कळवलं. त्यांनी सांगितलं की खोली चांगली धुवा, अंथरूण उन्हात टाका, आणि दुसरं मांजर लगेच त्या खोलीत ठेवू नका. महिनाभर जाऊ द्या. तो विषाणू बाहेर फार टिकत नाही, तरी घाई नको.

दिगांबरनं फोन ठेवला. "मंग महिनाभर कोंडीले तिथं नाही सोडता येणार," तो म्हणाला. "मी सापळे वाढवतो."

"वाढव," मी म्हटलं.

आम्ही खोली धुऊन सारवली. जर्मनचं ताट दिगांबरनं भट्टीत घातलं. दिवेलागणीला खोली वाळली होती, नुसता सारवणाचा वास येत होता. सायत्राबाई चटईवर एकट्या बसल्या होत्या. हातापायांना फडकी गुंडाळायचा त्यांचा खटाटोप चालला होता. एक हात झाला होता. दुसऱ्या हाताला गुंडाळायला पहिला उपयोगाचा राहिला नव्हता.

मी माझी गादी आणि उशी काखेत घेऊन आत गेले.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"आजपासून इथं झोपन."

"काहून? घरातली जागा गेली का?"

"तसंच समजा."

त्या माझ्या गादीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू काय करशीन इथं? उंदरं धरशीन?"

"उंदरं नाही धरत. तुमचा हात धरन." मी खाली बसले आणि त्यांच्या हातावरचं फडकं सोडू लागले. "मले चावला तं मले समजते."

फडकं सोडून झाल्यावर त्यांनी आपली चटई भिंतीकडे ओढून घेतली आणि माझ्या गादीला जागा करून दिली.